मदत हवी आहे: मिररवर दोन कॅलेंडर, अक्षरं एकाचीच मोठी करायची आहेत

रामबागकर
घरी मॅजिकमिरर (आरशामागच्या स्क्रीनवर कॅलेंडर वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलाय, बाकी सगळं चालतंय, फक्त इथे अडलोय आणि तीन रात्री गेल्या. कॅलेंडर दोन आहेत, एक घरचं आणि एक आईच्या औषधांचं. औषधाचंच मोठं हवंय. साइज 40 टाकली तर काही होतच नाही, मागचा रंग बदलून बघितला तर दोन्हींचा बदलतो. परवा मी पुण्याला निघतोय, आई इंदूरला एकटी राहणार, प्लीज लवकर सांगा.

बडोदेकर
कुठल्या फाइलीत लिहिलंत? सिलेक्टर (नियम कोणत्या भागाला लागू ते सांगणारं नाव) काय दिलाय? मेन सीएसएसमध्ये (रंग-आकाराचे नियम असलेली मिररची मूळ फाइल) हात घातला असेल तर आधी तो काढा, पुढच्या अपडेटला अडचण येईल. आपलं सगळं कस्टम सीएसएसमध्येच ठेवायचं.

रामबागकर
कस्टममध्येच आहे हो. डॉट कॅलेंडर दिलंय.

लष्करवाला
रास्पबेरी पाय (मिरर चालवणारा छोटा कॉम्प्युटर) कुठला आहे? पाय 4 असेल तर 5 व्होल्ट 3 अँपिअरचाच अडॅप्टर लावा, मोबाइलच्या चार्जरवर माझा रोज बंद पडायचा.

बडोदेकर
दादा, त्यांचा प्रश्न अक्षरांचा आहे.
रामबागकर, दोन्ही मॉड्यूलना (म्हणजे मिररवरच्या भागांना, इथे दोन कॅलेंडर) कॅलेंडर हाच क्लास, म्हणजे गटाचं नाव, असतो म्हणून दोन्ही बदलतात. कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलीत) औषधाच्या मॉड्यूलला क्लासेस म्हणून एक ओळ असते, तिथे औषध असं नाव द्या (इंग्रजी अक्षरांत), मिरर रीस्टार्ट करा.

जुनी इंदूर
इतकं कशाला, डेव्हलपर टूल उघडा, प्रत्येक मॉड्यूलला आयडी दिसतो, मॉड्यूल 3 कॅलेंडर असा. तोच सिलेक्टर द्या, एका ओळीत काम.

बडोदेकर
नका देऊ. तो आकडा कॉन्फिगमधल्या क्रमावरून पडतो. उद्या वरती एक मॉड्यूल वाढवलं की 3 चा 4 होणार आणि आईंची अक्षरं परत बारीक, तेही हे पुण्यात असताना.

रामबागकर
क्लास दिला. डॉट कॅलेंडर स्पेस डॉट औषध लिहिलं, आता तर रंगपण गेला!

बडोदेकर
स्पेस काढा. स्पेस दिली की अर्थ होतो कॅलेंडरच्या *आतलं* औषध, आणि तुमचे दोन्ही क्लास एकाच डब्यावर आहेत. चिकटवून लिहा. आणि साइज का लागत नव्हती तेही सांगतो: आतल्या टेबलला (नोंदींच्या तक्त्याला) स्मॉल हा क्लास आहे, त्याची स्वतःची साइज आहे, बाहेरच्या डब्यावरची तो ऐकत नाही. म्हणून डॉट औषध, मग स्पेस, मग टेबल, आणि त्याला 40. इथे मात्र स्पेस हवीच.

जुनी इंदूर
मग सीएसएस पाहिजेच कशाला, कॅलेंडरला टेबलक्लास सेटिंग आहे, स्मॉलच्या जागी मीडियम करा, झालं.

बडोदेकर
ते बरोबर आहे, पण मीडियम 30 पिक्सेल आणि त्याच्या पुढचं लार्ज एकदम 65. मधलं हवं तर लिहावंच लागतं.

रामबागकर
झालं!! 42 ठेवलं. आईने जेवणाच्या टेबलावरून वाचलं. पण "सकाळी थायरॉइडची गोळी उपाशीपोटी" पूर्ण येत नाही, शेवट कापून टिंबं येऊन राहिलीत, आणि उपाशीपोटी हाच तर महत्त्वाचा शब्द आहे.

बडोदेकर
मॅक्स टायटल लेंग्थ (नोंदीची कमाल लांबी) 25 वर असते, ती 60 करा आणि रॅप इव्हेंट्स (लांब नोंद पुढच्या ओळीत नेणं) ट्रू. आपल्या भाषेला 25 पुरत नाहीत, कारण मिरर काना, वेलांटी वेगळी मोजतो. तुमच्या ओळीत दिसायला 16 अक्षरं आहेत, त्याच्या हिशोबाने स्पेस धरून 30 होतात.

लष्करवाला
काच कुठून घेतली रामबागकर? मला अॅक्रिलिक स्वस्त पडतेय.

रामबागकर
काचच घ्या दादा, वजनाला जड आहे पण अॅक्रिलिकची मोठी शीट मधे वाकते, चेहरा वेडावाकडा दिसतो, मी एक फुकट घालवली. बडोदेकर, ओळ पूर्ण आली, दोन ओळींत आली पण आली. उपाशीपोटी दिसतंय.