जुनी गाडी काढून वापरलेली गाडी घेताना तुम्ही काय पाहिलंत? पुणे-पिंपरी चिंचवडकरांचे अनुभव

कर्वेनगरहून

आमची २०११ ची सँट्रो यंदा पंधरा वर्षांची होतेय. पासिंग पुन्हा करायचं तर नोंदणी नूतनीकरणाचे ५,००० रुपये, त्यावर पर्यावरण कर. त्याआधी सस्पेन्शन, एसीचा काँप्रेसर आणि पुढचे टायर ही कामं उभी आहेतच. गाडीनं आम्हाला कधी रस्त्यात सोडलेलं नाही, त्यामुळे जीव गुंतलाय. पण आईचे गुडघे आता ऐकत नाहीत आणि महिन्यातून एकदा वाईला जाणं होतंच, म्हणजे खंबाटकी घाट आला.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेर आहे. चार लाखांच्या आत वापरलेली घ्यायची असं ठरलंय. ज्यांनी अशी अदलाबदल केली आहे त्यांनी कृपया लिहावं. मॉडेलची नावं सांगाच, पण गाडी कशी तपासली, कुठला कागद अडला आणि जुन्या गाडीचं काय केलं, हे जास्त हवंय. मोकळेपणानं, लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

सिंहगड रस्ता, स्वतःचं गॅरेज

ताई, गाडी सकाळी बघायला जा. आणि मालकाला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी आधीच तापवून ठेवलीय. दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन पहिल्या स्टार्टला जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही. टायमिंग चेन ढिली असेल तर पहिले दोन-तीन सेकंद खडखड येते आणि मग तेल वर चढलं की गप्प होते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत थोडा येतो, त्याला घाबरू नका, पण गाडी तापल्यावरही येत राहिला तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं सील) गेल्याचा संशय घ्या. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. साईसारखा पिवळट थर असेल तर पाणी कुठून आलं ते शोधायलाच हवं.

आता आमच्या भागातली गोष्ट. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, आणि जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत शिरलं. दोन्ही वेळा पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून, नवीन सीट कव्हर घालून बाजारात फिरतात. बाहेरून कळत नाही. पुढचा सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढा. गुंडाळलेला जो भाग एरवी कुणी बघत नाही, तिथं पाण्याची आडवी तपकिरी रेघ दिसते. एकदा माझ्याकडे तपासायला आलेल्या गाडीत ही रेघ खांद्याच्या उंचीवर होती आणि विकणारा म्हणत होता, गाडी पावसात फारशी काढलेलीच नाही. मग स्टेपनी उचला, खालच्या खोलगट भागात बोट फिरवा. नदीचा गाळ पिठासारखा बारीक असतो, तो कोपऱ्यात राहतोच. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का आणि वायरिंगचे कनेक्टर हिरवट झालेत का, तेही पाहा. अशी गाडी आज उत्तम चालेल, पण पुढं सेन्सर, पॉवर विंडो, एअरबॅगचा दिवा असं एकेक सुरू होतं आणि ते आम्हालाही पकडता येत नाही. स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

सांगवीहून

आम्ही तीन गाड्या पसंत केल्या होत्या आणि तिन्ही इंजिनाला चांगल्या होत्या. सासूबाईंना प्रत्येकीत स्वतः बसवून पाहिलं. एकीत त्यांना आत शिरताना मान वाकवावी लागली, दुसरीत सीट इतकी खाली की उठताना दाराला धरून लोंबकळल्या. वॅगन आरमध्ये त्या सरळ मागे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "ही घ्या." २०१८ ची पेट्रोल घेतली. आईंना बरोबर न्या, ताई. गुडघेदुखीच्या माणसाला सीटची उंची जितकी कळते तितकी आपल्याला कळत नाही.

चिंचवडहून, निवृत्त

माझं आयुष्य पत्र्याच्या शॉपमध्ये गेलं, म्हणून पत्र्याबद्दलच लिहितो. दार उघडा, चौकटीवरचं काळं रबर हातानं हलकेच खाली ओढा. आत कंपनीचे वेल्डिंगचे गोल ठिपके दिसतील, ठरावीक अंतरावर, एका ओळीत. ठिपके गायब असतील, वेडेवाकडे असतील किंवा त्यावर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर असेल, तर तो पिलर (छत पेलणारा खांब) ठोकून सरळ केलेला आहे. बंपर, फेंडर बदललेले असले तर मी फार मनावर घेत नाही. पुण्याच्या रस्त्यावर रिक्षा घासून जातेच. पण पिलर, पुढचे एप्रन (बॉनेटखाली चाकांवरचा आतला पत्रा) आणि डिकीचा तळ शाबूत हवा. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग निघालेला दिसला की विचारा, का खोललं होतं?

काचांवर कोपऱ्यात वर्षाची खूण असते. सगळ्या काचा २०१६ च्या आणि एकच २०२१ ची असेल तर त्या बाजूला काही घडलंय. टायरवर चार आकडी मजकूर असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायच्या खर्चात धरा आणि तेवढे पैसे भावातून कमी करा.

आमची जुनी गाडी इंडिका होती. पिंपरीत बनलेली, म्हणून तिच्याबद्दल वेगळंच वाटायचं. शेवटी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली, नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी स्क्रॅपला दिल्याचा दाखला, घेतलं. त्या प्रमाणपत्राची सवलत नवीन गाडी घेणाऱ्याला मिळते, वापरलेली घेणाऱ्याला नाही, हे लक्षात ठेवा.

हडपसरहून

मला गाडी आवडली होती, भावही ठरला होता. टोकन देण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकला आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, दिसली. मालक म्हणाले, "कर्ज कधीच फिटलंय." ते खरंही होतं. पण त्यांनी बोजा उतरवलाच नव्हता आणि बँकेनं दिलेल्या ना-हरकत पत्राची मुदत उलटून गेली होती. बँकेतून नवीन पत्र, मग बोजा उतरवायचा फॉर्म ३५, मग आरटीओ. ते होईपर्यंत मी टोकनपलीकडे एक रुपया दिला नाही, आणि त्यांनीही समजून घेतलं.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल, म्हणजे एमएच १२ ची नसून एमएच ५० ची वगैरे असेल, तर फॉर्म २८ ची एनओसी (आरटीओचं ना-हरकत पत्र) वेगळी. थकलेले ई-चलन असेल तर काम अडतं. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का तेही बघा.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. विम्यातला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तुमच्या सँट्रोवर ५० टक्के जमला असेल तर ती विकताना विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं आणि पुढच्या गाडीच्या विम्यात वजा होतं. उलट समोरच्याचा बोनस तुम्हाला मिळत नाही. विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत करा. नाहीतर थर्ड पार्टीचं, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचं, संरक्षण राहतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

कर्वेनगरहून

बोनसचं मला अजिबात माहीत नव्हतं, मनापासून आभार. सँट्रोचा विमा ऑगस्टपर्यंत आहे, पत्र घेते. डिझेल घ्यावं का, यावर कुणी लिहाल का? घाट आहे म्हणून भाऊ डिझेलच्या बाजूनं आहे.

वाघोलीहून

नको. महिन्यातून एकदा वाई आणि बाकी कर्वेनगर-डेक्कन, एवढ्यासाठी डिझेल परवडत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (प्रदूषणाचे नवे निकष) डिझेलला धूर गाळणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगात बराच वेळ पळावी लागते. आमच्या नगर रस्त्याच्या गर्दीत रोज पाच-सात किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि खर्च मोठा येतो. त्याआधीच्या डिझेलला ही भानगड नाही, पण त्या गाड्यांचा इंजेक्टर आणि टर्बो आता वयात आलाय.

सीएनजी बघत असाल तर आरसीवर सीएनजीची नोंद आहे का, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालीय का, हे आधी. घाटात चार माणसं आणि सामान असताना सीएनजीवर गाडी दमते. तेवढ्यापुरती पेट्रोलवर घ्या. आणि डिकी जवळपास गेली म्हणून समजा. वाईहून तांदळाचं पोतं आणणार असाल तर विचार करा!

पाषाणहून

गल्लीत एक फेरी मारून गाडी कळत नाही. मी कात्रजच्या जुन्या घाटात नेली. चढावर मुद्दाम थांबलो, हँडब्रेक लावला, पुन्हा उचलली. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी पुढं जात नाही, आणि जळका वास येतो. उतारावर ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी. खाली येऊन मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवली, कट-कट आवाज आला तर एक्सलचा जॉइंट गेलाय. स्पीडब्रेकरवर काच खाली करून, रेडिओ बंद करून जा; लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर) गेलेले असतील तर तिथंच ऐकू येतं.

एएमटी (क्लचचं पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) घेतलीत तर चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची सवय ठेवू नका, ब्रेक वापरा. क्लच आत तोच असतो, तो जळतोच. बाकी कर्वे रस्त्याच्या संध्याकाळच्या गर्दीत डाव्या पायाला जो आराम मिळतो, त्यासाठी मी पुन्हाही एएमटीच घेईन.

बिबवेवाडीहून

मीटरबद्दल लिहायचंय. एका विक्रेत्याकडे गाडी होती, मीटरवर ४८,००० किलोमीटर. चकचकीत. मी नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो आणि मालकाच्या संमतीनं जुन्या नोंदी काढल्या. दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसलाच ६१,००० लिहिलेले होते. तसाच परत आलो. त्यानंतर मी मीटर बघणंच सोडलं. स्टिअरिंगचं कव्हर, ब्रेक पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची कड बघतो. मीटर मागे फिरवता येतो. झिजलेलं पेडल बदललं तर तेही कळतं, कारण एवढ्या जुन्या गाडीत एकटं तेवढंच कोरं कसं?

विक्रेत्याकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना ते लागतं, आणि मालकानं गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याची नोंद ऑनलाइन होते. ती नोंद असेल तर मूळ मालक पुढं सापडला नाही म्हणून तुमचं काम अडत नाही.

कोथरूडहून, वय ७१

मी वेगळं मत मांडते. माझ्या गाडीचं पासिंग मी पाच वर्षांसाठी वाढवून घेतलं आणि सस्पेन्शन, रेडिएटर, टायर सगळं करून घेतलं. मंडई, डॉक्टर, गणपतीत नातेवाइकांकडे, एवढंच माझं फिरणं. गाडीची खोड आणि गोडी मला ठाऊक आहे. दुसऱ्याची वापरलेली घेऊन तिची ओळख नव्यानं करून घ्यायची हौस आता नाही. सुटे भाग नाना पेठेत अजून मिळतात. पण तुम्हाला आईंना घेऊन घाटातून जायचंय, पंधरा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नव्हतं. तुमच्या जागी मी असते तर बदललीच असती. फक्त दुसरी घेताना दोन एअरबॅग आणि एबीएसच्या खाली तडजोड करू नका.

धायरीहून

सगळे घेण्याबद्दल लिहितायत, मी देण्याबद्दल लिहितो, कारण त्रास तिथंच होतो. माझ्या मित्रानं गाडी ओळखीतल्या ओळखीत दिली, सह्या करून कागद दिले आणि विसरला. समोरच्यानं नावावर केलीच नाही. वर्षभरानं अपघाताची नोटीस मित्राच्या घरी. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते.

म्हणून सँट्रो देताना फॉर्म २९ तुम्ही स्वतः १४ दिवसांच्या आत दाखल करा, एजंटच्या भरवशावर सोडू नका. ताबा दिल्याची पावती करा, त्यावर तारीख आणि वेळ लिहा, मीटरचा आकडा लिहा, दोघांच्या सह्या घ्या. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा. फास्टॅग बंद करून काचेवरून काढा, नाहीतर खेड-शिवापूरचा टोल तुमच्या खात्यातून जात राहील. आणि नाव बदललं का ते परिवहनवर अधूनमधून तपासा. बदललेलं दिसेपर्यंत विम्याची, पीयूसीची आणि सह्यांच्या कागदांची प्रत फेकू नका.