आईचा बीएमआर १०१०, म्हणून दिवसाला फक्त ९०० कॅलरी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईच्या आहाराबद्दल सल्ला हवा आहे. आहारशास्त्रातलं कळणारं कुणी इथे असेल तर कृपया लिहाच.

आई ५६ वर्षांची, उंची १५४ सेमी, वजन ६६ किलो. आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो, ती रोज सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारते. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून वजन उतरवायचं ठरवलं आणि घराजवळच्या एका जिममध्ये नाव घातलं. तिथे अनवाणी एका मशीनवर उभं केलं, हातात दोन मुठी धरायला दिल्या आणि कागद निघाला: बीएमआर (शरीर नुसतं चालू ठेवायला दिवसाला लागणाऱ्या कॅलरी) १०१०, 'मेटाबॉलिक वय' (त्या बीएमआरवरून मशीनने काढलेलं शरीराचं वय) ६७. ट्रेनर म्हणाला, "काकू, वयामुळे मेटाबॉलिझम मंद झालाय. ९०० कॅलरीच्या वर जायचं नाही."

सुरुवातीला वजन उतरलं. आता काटा हलत नाही आणि तिच्याकडे बघवत नाही. नाश्त्याचे पोहे वजनकाट्यावर मोजून घेते. रात्रीची भाकरी बंद, नुसतं सूप आणि काकडी. आपल्या इथल्या घामट हवेत पंखा एकवर असला तरी शाल ओढून बसते. पूर्वी फिरून आली की भाजी निवड, कपड्यांच्या घड्या कर, खाली जाऊन चार जणींशी बोल, दिवसभर पायाला भिंगरी. आता येते ती सोफ्यावर आडवी होते, थेट जेवायलाच उठते. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं, दोन्ही नॉर्मल.

काळजीपोटी मी वाचायला बसले. नुसतं पडून राहिलं तरी मेंदू, हृदय, यकृत, मूत्रपिंडं चालू ठेवायला जी ऊर्जा लागते तो बीएमआर, आणि दिवसाच्या एकूण खर्चातला साधारण ६० ते ७० टक्के वाटा त्याचाच. अन्न पचवण्यात दहाएक टक्के जातात. उरलेलं हालचालीत, आणि त्यात व्यायाम न धरता नुसती घरातली ऊठबसही बरीच भरते. हे वाचलं आणि आईचं ते आडवं होणं डोळ्यांसमोर आलं. खाणं फार तोडलं की शरीर हात आखडता घेतं, नकळत हालचाल कमी होते, असं म्हणतात. मग ९०० कॅलरीमुळेच तर ती थंड पडली नाही ना?

दुसरं म्हणजे, ते मशीन बीएमआर मोजतच नाही. अंगातून हलका विद्युतप्रवाह सोडून स्नायू आणि चरबीचा अंदाज बांधतं आणि सूत्रात घालून आकडा देतं. खरं मोजमाप श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजून होतं. १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र आईला लावलं तर ११८० च्या आसपास येतं. तोही अंदाजच, पण १७० कॅलरींचा फरक आहे, बंद केलेली भाकरी त्यात सहज बसते! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १६६० कॅलरी धरल्या आहेत. वजन उतरवायचं तर त्यातून कमी करायचं हे मान्य, पण एकदम ९००?

आणि वयाचं म्हणाल तर २०२१ साली 'सायन्स'मध्ये २९ देशांतल्या ६४०० हून जास्त लोकांचा अभ्यास आला होता. शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण हिशेबात धरलं तर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो, उतार साठीनंतर लागतो. म्हणजे छप्पन्नाव्या वर्षी दोष वयाचा, की कमी झालेल्या स्नायूंचा? तसं असेल तर तिला डाळी, ताक, पनीर वाढवून थोडं वजन उचलायला लावणं बरं, असं मला वाटतं. प्रथिनं पचवतानाच त्यांच्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते, तोही फायदा.

एक घड्याळाचंही विचारायचं आहे. पाऊण तासाच्या फेरीला ते २२० कॅलरी दाखवतं. नुसती बसली असती तरी तेवढ्या वेळात ३५-४० गेल्याच असत्या. त्या वजा करून धरायच्या ना?

बीएमआरपेक्षा कमी खाऊन कुणाचं वजन असं अडकलं होतं का? खाणं वाढवताना एकदम वाढवलंत की आठवड्याला शंभरेक कॅलरींनी? ठाणे-मुलुंडकडे श्वासावरून बीएमआर मोजून देणारी जागा माहीत असेल तर तेही सांगा. आणि कुणी सल्ला देईपर्यंत रात्रीची भाकरी तरी परत सुरू करू ना?