मोजक्या पडद्यांवरचं प्रदर्शन: प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया कशा घ्यायच्या आणि सोमवारच्या आत त्यांचं काय करायचं?

पडद्यामागचं_काम:
नमस्कार मंडळी. एक स्वतंत्र मराठी चित्रपट येत्या शुक्रवारी 9 पडद्यांवर लागतोय. मुंबई-ठाण्यात 4, पुण्यात 3, नाशिक आणि कोल्हापूर प्रत्येकी 1. सगळीकडे रोज एकच शो, बहुतेक दुपारी साडेबारा ते चारच्या मधला. लांबी 108 मिनिटं, संवाद कमी, उत्तरार्ध शांत. प्रसिद्धीचे पैसे जवळपास संपलेत, त्यामुळे आता भरवसा बघून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या बोलण्यावरच आहे.
प्रश्न असे: प्रतिक्रिया नेमक्या कुठे आणि कशा घ्याव्यात? त्यातल्या कुठल्या खऱ्या धरायच्या? दुसऱ्या आठवड्याचे शो टिकवायला त्यांचा उपयोग होतो का? आणि बरेच जण ‘संथ आहे’ म्हणाले तर मधेच काही मिनिटं कापता येतात का?

बुकिंग_खिडकी:
आधी वेळापत्रक समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच ठरतं. पुढच्या शुक्रवारपासून कुणाला किती शो, हे मल्टिप्लेक्सची प्रोग्रामिंग टीम सोमवार ते बुधवारात ठरवते. त्यांच्यासमोर शुक्रवार-शनिवार-रविवारचे आकडे असतात: कुठल्या शोला किती खुर्च्या भरल्या आणि पुढचं आगाऊ बुकिंग किती आहे. समीक्षकांचे साडेतीन-चार तारे त्या तक्त्यात नसतात. म्हणून शुक्रवारच्या पहिल्या शोची प्रतिक्रिया शनिवार-रविवारच्या तिकिटांत उतरली पाहिजे. सोमवारनंतर आलेलं कौतुक सुंदर असलं तरी तोवर शो गेलेला असतो.

भरणा टक्क्यांत मोजतात, हे विसरू नका. 38 तिकिटं 240 खुर्च्यांच्या हॉलमध्ये गेली तर सोळा टक्केसुद्धा होत नाहीत. तीच 38 तिकिटं 70 खुर्च्यांच्या हॉलमध्ये 54 टक्के होतात. वितरकाला आजच सांगा की मोठा हॉल नको, छोटा मागा. मोठा पडदा मिळाला म्हणून पहिल्या दिवशी आनंद होतो आणि मंगळवारी त्याच पडद्यामुळे शो कापला जातो.

पैशांचं गणितही डोक्यात असू द्या. 200 रुपयांच्या तिकिटातून 18 टक्के जीएसटी वजा जाता साधारण 169 रुपये 50 पैसे उरतात. पहिल्या आठवड्याला निम्मा वाटा ठरला असेल तर तिकिटामागे 85 रुपयांच्या आत हातात येतात, म्हणजे 38 तिकिटांच्या शोचे सव्वातीन हजारांच्या आसपास. त्यातून क्यूब किंवा यूएफओ या चित्रपट डिजिटल रूपात थिएटरांना पुरवणाऱ्या कंपन्यांची फी जाते. मोठ्या हिंदी चित्रपटांसाठी 2009 च्या समझोत्यात वितरकाच्या वाट्याची आठवड्यागणिक 50, 42.5, 37.5 आणि 30 टक्के अशी उतरती भाजणी ठरली होती. छोट्या मराठी चित्रपटाचा वाटा ज्याच्या त्याच्या कराराप्रमाणे असतो, तो कागद एकदा नीट वाचा.

वेळेबद्दल भांडायचं असेल तर नेमकं भांडा. 2015 साली सरकारने मराठी चित्रपटांना प्राइम टाइम देण्याचं ठरवलं तेव्हा आधी संध्याकाळी 6 ते 9 म्हटलं होतं, नंतर ती वेळ दुपारी 12 ते रात्री 9 केली. त्यामुळे साडेबाराचा शो दाखवून नियम पाळल्याचं सांगता येतं. ‘आम्हाला प्राइम टाइम द्या’ या मागणीला सहज उत्तर मिळतं. त्यापेक्षा ‘शनिवार-रविवार दुपारचा शो ठेवा, सोमवार ते गुरुवार तोच शो सातला न्या’ असा बदल सुचवा. शोची संख्या तीच राहते आणि नोकरदार प्रेक्षक येऊ शकतो. कोथरूड, दादर, ठाणे इथे हा फरक लगेच दिसतो.

बुकमायशोवरच्या गुणांबद्दल एक गोष्ट. मतं कमी असताना दोन-तीन वाईट गुणांनीही सरासरी खाली येते. पहिल्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला बाहेर पडतानाच विनंती करा की आज रात्रीपर्यंत गुण द्या, जे वाटलं तेच द्या. मतं विकत देणारे फोन येतील, त्यांना नकार द्या. गुण 9.6 आणि हॉलमध्ये चौघं, हे प्रोग्रामिंगवाल्याला एका नजरेत कळतं आणि पुढच्या वेळी तुमच्या खऱ्या आकड्यांवरही तो विश्वास ठेवत नाही.

मिक्सिंगवाला:
वरचं सगळं बरोबर. पण प्रतिक्रिया वाचताना एक चाळणी लावा: ही तक्रार चित्रपटाची आहे की त्या हॉलची? छोट्या चित्रपटाच्या कितीतरी वाईट प्रतिक्रिया प्रोजेक्शन रूममध्ये तयार होतात आणि दिग्दर्शकाच्या नावावर जमा होतात. माझ्या मते या धाग्यावर सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यायला हवं.

‘संवाद कळत नाहीत’: चित्रपटाचा आवाज मिक्स होतो तेव्हा डॉल्बी प्रोसेसरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, 7 वर असतो. थिएटरात ट्रेलर आणि जाहिराती कर्कश वाजतात, लोक तक्रार करतात, म्हणून कर्मचारी फेडर 5 किंवा साडेचारवर आणून ठेवतात. 7 वरून 5 म्हणजे साडेसहा डेसिबलहून जास्त घट. मारधाडीच्या चित्रपटाला ते चालून जातं. तुमच्या चित्रपटात कुजबुज असेल तर ती एसीच्या आवाजाखाली जाते. आणि एकाच हॉलमधून ‘संगीत ऐकू येतं पण माणसं बोलतात ते दबतं’ अशी तक्रार आली तर मधला स्पीकर किंवा त्याचा अँप्लिफायर तपासायला सांगा, संवाद जवळजवळ सगळे तिथूनच येतात.

‘रात्रीच्या प्रसंगात काही दिसत नाही’: पडद्यावर 14 फूट-लँबर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड हे प्रमाण आहे. दिवा जुना झाला की तो घसरतो. त्याहून वाईट म्हणजे आधीच्या शोला 3डी चित्रपट असेल आणि लेन्ससमोरचा फिल्टर तसाच राहिला, तर उजेड निम्म्यापर्यंत खाली येऊ शकतो. 3डीसाठी लावलेल्या चंदेरी पडद्यावर मधला भाग उजळ आणि कडा काळपट दिसतात. तुमचा कंदिलाच्या उजेडातला प्रसंग नेमका कडेला असेल तर तो गेलाच.

‘सबटायटल कापली जातात’: चित्राचे दोन आकार असतात: फ्लॅट 1998 बाय 1080 पिक्सेल आणि जास्त रुंद स्कोप 2048 बाय 858. फ्लॅट चित्रपट स्कोपच्या सेटिंगवर चालवला की वरचा-खालचा भाग पडद्याबाहेर सांडतो आणि सबटायटल काळ्या पट्टीवर जातात.

आता ‘उत्तरार्ध संथ आहे’. हे ऐकलं की आधी मध्यंतर कुठे पडलं ते विचारा. डीसीपीत, म्हणजे थिएटरला जाणाऱ्या चित्रपटाच्या डिजिटल फाईलमध्ये, मध्यंतराची जागा ठरवून दिली नसेल तर ऑपरेटर अंदाजाने 54 व्या मिनिटाच्या आसपास तोडतो, तेही प्रसंगाच्या मधोमध. माणूस वाक्य बोलायला तोंड उघडतो आणि पडद्यावर पॉपकॉर्नची जाहिरात येते. त्यानंतर पंधरा मिनिटांनी त्याच शांततेत परत शिरणं प्रेक्षकाला जड जातं आणि दोष उत्तरार्धाला लागतो. मध्यंतर हवंच असेल तर अचूक टाइमकोड (कितव्या मिनिट-सेकंदाला तोडायचं ते) द्या किंवा दोन भागांची वेगळी प्लेलिस्ट करून द्या. नको असेल तर तसं लेखी कळवा आणि व्यवस्थापकाने ते वाचल्याची खात्री करून घ्या, कारण खाद्यपदार्थांची विक्री मध्यंतरातच होते आणि विरोध तिथूनच येतो.

गुरुवारी रात्रीच्या शेवटच्या शोनंतर प्रत्येक हॉलमध्ये दहा मिनिटं मागा. सगळ्यात हळू संवाद, सगळ्यात अंधारा प्रसंग आणि खाली दोन ओळी सबटायटल असलेली फ्रेम, एवढं चालवून बघा. फेडरचा आकडा कागदावर लिहून प्रोसेसरजवळ चिकटवून या. तिकडे जाणं शक्य नसेल तर कोल्हापूर-नाशिकला ओळखीच्या कुणाला तरी पाठवा.

कापण्याबद्दल: जमतं, पण या आठवड्यात नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावर चित्रपटात काहीही बदल केला, अगदी सबटायटल घातली तरी, सेन्सॉर बोर्डाकडे नोंद करून मान्यता घ्यावी लागते. मग नवीन डीसीपी, ती 9 ठिकाणी पोहोचवणं, नव्या केडीएम (ती फाईल उघडायच्या डिजिटल चाव्या). तोवर दुसरा आठवडा संपेल.

चित्रमंडळ_सभासद:
प्रतिक्रिया गोळा करण्याच्या प्रत्यक्ष कामाबद्दल लिहितो.

उभं राहायची जागा आधी बघून घ्या. बऱ्याच मल्टिप्लेक्समध्ये आत जायचं दार लॉबीतून असतं आणि बाहेर पडायचं दार मागच्या जिन्यावर किंवा थेट पार्किंगमध्ये उघडतं. लॉबीत प्रतिक्रियांची कार्डं घेऊन उभे राहाल आणि सगळे प्रेक्षक मागून निघून जातील. ड्यूटी मॅनेजरची परवानगी शुक्रवारच्या आधी घ्या.

कार्ड पोस्टकार्डाएवढं, जाड कागदाचं असू द्या. लिहायला टेबल नसतं, पातळ कागद तळहातावर दबतो. छोट्या पेन्सिली द्या. प्रश्न पाचच्या पुढे नेऊ नका: हा चित्रपट कशामुळे कळला? कुठल्या प्रसंगापाशी लक्ष उडालं? काय आठवत राहील? आवाज आणि चित्र ठीक होतं का? कुणाला बघायला सांगाल? ‘कसा वाटला?’ हा प्रश्न टाळा, आपल्याकडे उत्तर ‘छान’ असंच येतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं. ‘आईला सांगेन’, ‘कॉलेजच्या ग्रुपला सांगेन’ यावरून रविवारी संदेश कुणाला पाठवायचे ते कळतं. कार्डाच्या कोपऱ्यात थिएटर आणि शोची वेळ आधीच लिहून ठेवा, नाहीतर मिक्सिंगवाल्यांनी सांगितलेली चाळणी लावता येणार नाही.

कार्ड देणारा माणूस चित्रपटाशी संबंधित नसावा. दिग्दर्शक किंवा नट समोर असला की कुणी खरं बोलत नाही. शोनंतर गप्पा ठेवल्या असतील तर कार्डं गप्पांच्या आधी भरून घ्या, कारण गप्पांनंतर लोक चित्रपटाऐवजी त्या माणसाबद्दल लिहितात. पासवर आलेल्यांची आणि तिकीट काढून आलेल्यांची कार्डं वेगळी ठेवा.

अमेरिकेत सिनेमास्कोर ही संस्था 1979 पासून पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांकडून अशीच कार्डं भरून घेते आणि ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी देते. ती वाचणारे जाणकार सांगतात की त्या श्रेणीत प्रेक्षक जी अपेक्षा घेऊन आला ती पुरी झाली का, हे दिसतं. तुमचा ट्रेलर चुरचुरीत संवादांचा आणि चित्रपट शांत असेल तर ‘संथ’ हा शब्द येणारच. शनिवारी ट्रेलर बदलता येतो. चित्रपटातला एखादा पूर्ण, न तोडलेला दीड मिनिटाचा प्रसंग टाका. येणारा प्रेक्षक कमी असेल, पण त्या चित्रपटासाठी तयार होऊन येईल.

आणि कार्डावर गावाचं नाव विचाराच. 2013 मध्ये ‘शिप ऑफ थिसियस’ पाच शहरांत लागला तेव्हा फेसबुकवरून लोकांना आपापल्या शहरासाठी मागणी नोंदवायला सांगितलं होतं. ‘फार आवडला’ ही प्रतिक्रिया घेऊन वितरकाला काही करता येत नाही. ‘साताऱ्यातले साठ जण रविवारी यायला तयार आहेत’ ही यादी घेऊन तो थिएटरवाल्याशी बोलू शकतो. प्रभात चित्र मंडळ, आशय यांसारख्या फिल्म सोसायट्यांनाही हीच यादी दाखवा. परदेशातली मराठी मंडळं एकेका शोसाठी हॉल घेतात, त्यांनाही किती लोक येतील हेच आधी हवं असतं.

पडद्यामागचं_काम:
मनापासून आभार. मध्यंतराचा टाइमकोड दिलेलाच नव्हता, आज पाठवतो. छोटा हॉल मागितला तर केडीएमचा काही घोळ होतो का?

मिक्सिंगवाला:
होतो. केडीएम त्या त्या पडद्याच्या सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारीख-वेळेसाठीच बनते. शो पडदा 3 वरून 1 वर नेला तर जुनी चावी चालत नाही, फाईल सर्व्हरवर असूनही शो रद्द होतो. शक्य असेल तर त्या मल्टिप्लेक्सच्या सगळ्या पडद्यांच्या चाव्या एकदम मागून घ्या. मुदत गुरुवारी रात्री संपणारी नको, पुढच्या सोमवारपर्यंत घ्या. रविवारी संध्याकाळी लॅबमधला कोण फोन उचलेल, त्याचा नंबर 9 ही ठिकाणच्या ऑपरेटरांना आधीच देऊन ठेवा.

बुकिंग_खिडकी:
आणि हॉल बदलल्यावर बुकिंग साइटवर खुर्च्यांचा नकाशा बदलला का, ते स्वतः उघडून बघा. जुन्या हॉलची विकलेली तिकिटं असतील तर बदल थिएटरकडूनच करून घ्यावा लागतो, म्हणून छोट्या हॉलची मागणी बुकिंग उघडायच्या आधी, बहुतेक बुधवारच्या आत, पोहोचायला हवी.