मदत हवी आहे: परदेशात आदिवासी कुटुंबाकडे मुक्काम, सोबत आई (तातडीचं)

मृदुला_नौपाडा
ऑगस्टमध्ये आईला घेऊन जातेय. बाकी सगळीकडे हॉटेल आहे, पण एक मुक्काम तिथल्या आदिवासी कुटुंबाच्या घरी आहे आणि तो मी हट्टाने ठेवून घेतलाय. आई शाकाहारी, श्रावणात कांदा-लसूणही नाही. त्या घरी न्यायला काय घेऊ? जेवणाचं आधी कसं कळवायचं? एजंट नुसतं "होऊन जाईल मॅडम" म्हणतो. पैसे भरून झालेत, तेव्हा जाऊ नका असं सांगू नका. लवकर उत्तर हवंय.

ऐरोलीकर
देश कोणता?

भटक्या_घोडबंदर
व्हिएतनामला सापा करा. आम्ही ह्मोंग कुटुंबाकडे राहिलो, भात-पालेभाजी पोटभर. ई-व्हिसा मिळतो.

मृदुला_नौपाडा
पेरू. टिटिकाका सरोवरातलं अमंतानी बेट. व्हिएतनामचा प्रश्नच नाही.

सुनंदा_वाशी
अमंतानीला आम्ही राहून आलोय, जरूर जा. जेवण बहुतेक शाकाहारीच असतं: किन्वाचं सूप, उकडलेले तऱ्हेतऱ्हेचे बटाटे, तळलेलं चीज, वर मुन्या नावाच्या पाल्याचा चहा. फक्त सूप कोंबडीच्या पाण्यात केलेलं नको, हे वेगळं सांगावं लागतं. त्यांच्या हिशेबात ते मांस नाही. स्पॅनिशमध्ये चिठ्ठी लिहून घ्या, कांदा-लसणाचंही त्यातच लिहा. घरातल्या म्हाताऱ्या बायका केचुआच बोलतात, पण तरुण कोणीतरी वाचून दाखवतं.
न्यायला तांदूळ, साखर, तेल, फळं. सगळं सरोवरकाठच्या पुनो शहरातल्या बाजारात घ्या, ठाण्याहून ओझं नको.

भटक्या_घोडबंदर
मुलांसाठी चॉकलेटं आणि पेनं न्या, खूश होतात. माचू पिचूची तिकिटं काढलीत का? आधी काढावी लागतात.

सुनंदा_वाशी
चॉकलेटं नकोच. बोट लागली की पोरं हात पसरून उभी राहतात, ती सवय आपणच लावतो. जे द्यायचं ते घरच्या बाईच्या हातात.

भटक्या_घोडबंदर
एका चॉकलेटने कोणी बिघडत नाही, ताई.

डॉक्टर_कोपरखैरणे
जेवणाचं नंतर बघू. आईंचं वय काय, बीपी-शुगर आहे का? पुनोला कसे पोचताय?

मृदुला_नौपाडा
वय ६६, बीपीची गोळी चालू. लिमाहून विमानाने हुलियाका, तिथून पुनो, दुसऱ्या सकाळी बोट. प्रश्न जेवणाचा होता.

डॉक्टर_कोपरखैरणे
हा बेत बदला. लिमा समुद्रकाठी आहे आणि सरोवर ३,८१२ मीटरवर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच, तेही काही तासांत. आधी अरेकिपाला जा, ते २,३०० मीटरच्या आसपास आहे. तिथे दोन-तीन रात्री काढा, मग पुनो, पुनोतही एक दिवस आराम, मग बोट. बेटावर गाड्या नाहीत. धक्क्यापासून घरापर्यंत चढ चढावाच लागतो आणि दवाखाना म्हणावा तर जेमतेम. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) इथे वाचून सुरू करू नका. बीपीच्या गोळ्या आणि सल्फाची अ‍ॅलर्जी बघून त्यांच्या डॉक्टरांनाच ठरवू दे. डोकं दुखून उलट्या झाल्या, तोल जायला लागला, तर थांबायचं नाही, खाली उतरायचं.

येऊर_पायथा
आदिवासींकडे राहायला पेरू कशाला? येऊरच्या पाड्यांवर वारली कुटुंबं आहेत, ठाणेकर तिथे फक्त पार्टी करायला जातात.

ऐरोलीकर
मुद्दा खरा आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा.
मृदुला, पिवळ्या तापाची लस घेतलीत का? बेटाच्या थंडीत तो डास नसतो, पण आपल्याकडे परतताना पिवळ्या तापाच्या देशांची यादी बघतात, आणि पेरू त्या यादीत आहे. प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, एकदा घेतली की जन्मभर चालते. वयाच्या साठीनंतर ही लस डॉक्टरांना विचारूनच. आणि तिथे कोकाची पानं चहात सर्रास देतात. ती बॅगेत घालून भारतात आणू नका, गुन्हा आहे.

सुनंदा_वाशी
पैशांचं राहिलं. तिथली कुटुंबं पाहुणे पाळीपाळीने घेतात. पुनोचा एजंट मध्ये आला की घरच्यांच्या हाती फार थोडं पडतं. जमलं तर गावाच्या बोटीने जा आणि पैसे घरीच द्या.

भटक्या_घोडबंदर
वयस्कर आईला घेऊन बेभरवशाची बोट? एजंटच बरा. वर वेगळे पैसे द्या की.

मृदुला_नौपाडा
अरेकिपा घालून घेतलं. लिमा-हुलियाका तिकिटाचे थोडे पैसे बुडाले, चालेल. एजंट ठेवतेय, पण किराणा आणि वेगळे पैसे मी स्वतः देणार. आईची गोळी आणि लस, दोन्हीसाठी सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. तिला घरच्या बाईला खणाचं कापड द्यायचंय, बरं दिसेल ना?

सुनंदा_वाशी
छानच. संध्याकाळी त्या पाहुण्यांना आपले भरतकामाचे कपडे घालतात आणि सभागृहात नाचायला नेतात, तेव्हाच द्या. आणि दोघींना थर्मल घ्या. ऑगस्टमध्ये तिकडे हिवाळा, रात्री पारा शून्याजवळ असतो, खोलीत हीटर नसतो.

मृदुला_नौपाडा
थर्मल ठाण्यात चांगले कुठे मिळतील?