गोष्टीतलं व्याकरण

गोष्टी सांगून परकी भाषा शिकवण्याच्या पद्धतीबद्दल तुम्ही म्हणता, ‘गोष्टी ऐकून कान तयार होतो, पण व्याकरणाशिवाय भाषा पक्की होत नाही’. हा मुद्दा मला निम्माच पटला.

या पद्धतीत शिक्षक नुसती गोष्ट सांगत नाही. कॅलिफोर्नियातले स्पॅनिशचे शिक्षक ब्लेन रे यांनी ती बसवली. एका वेळी दोन-तीनच नव्या रचना घ्यायच्या, त्यांचा अर्थ सरळ मातृभाषेत सांगून टाकायचा, आणि मग प्रश्नांमागून प्रश्न. समजा, स्पॅनिशमधली रचना आहे ‘किएरे’, म्हणजे ‘तिला हवंय’. मुलीला मांजर हवंय का? मांजर हवंय की कुत्रा? कुणाला हवंय? उत्तर एका शब्दाचं असलं तरी चालतं, पण तेवढ्यात ‘किएरे’ कितीतरी वेळा कानावरून जातं. मग तीच गोष्ट गोष्टीतल्या मुलीच्या तोंडून सांगितली जाते आणि ‘किएरे’चं ‘किएरो’, म्हणजे ‘मला हवंय’, होतं. हे व्याकरणच आहे की! फक्त तक्ता पाठ करावा लागला नाही.

तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंच उत्तम समजायचं, तरी वर्षानुवर्षांनंतरही बोलताना चुका व्हायच्या. त्यावरूनच तिथल्या भाषा-अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की नुसतं ऐकणं-वाचणं पुरत नाही, स्वतः वाक्यं घडवावी लागतात. मला हे पूर्ण मान्य आहे. पण पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याला सगळ्यांसमोर उभं करून बोलायला लावू नका. आधी त्याला गोष्ट पुढे ऐकाविशी वाटू दे.