दिवाळीनंतर पहिल्या वर्षाची पोरं का गळतात?

वर्धाकाठ: तालुक्याच्या गावचं बी.एस्सी. कॉलेज. ऑगस्टात वर्ग भरलेला, दिवाळीनंतर मागची बाकं रिकामी. प्रेरणेवर व्याख्यान ठेवलं की दोन दिवस उत्साह, मग जैसे थे. इच्छाच कमी पडते का? नेमकं काय करावं?

तासिका४: पहाटे उठून एसटी धरणाऱ्या पोराला इच्छा असतेच. तुटतो तो 'मला हे जमेल' हा भरवसा. मानसशास्त्रज्ञ बंडुरा यांनी १९७७ मध्ये याच भरवशाचा सिद्धांत मांडला. हा भरवसा सगळ्यात जास्त वाढतो स्वतः करून दाखवलेल्या कामातून. दुसऱ्याच्या सांगण्याचा असर त्याहून कमी. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्याला रसायनशास्त्रातलं मोलचं गणित येतं, पण प्रश्नातलं 'लिमिटिंग रिएजंट' (अभिक्रियेत आधी संपणारा पदार्थ) हे इंग्रजी अडतं आणि तो ठरवतो, आपलं डोकंच नाही. म्हणून तिसऱ्या आठवड्यातच १० गुणांची चाचणी घ्या. ६ गुण वर्गात सोडवलेल्या उदाहरणांसारखे, ४ नवे. तीन दिवसांत पेपर परत, आणि गुणांशेजारी एक ओळ: "सूत्र बरोबर, ग्रॅमचे मोल करायचे राहिले." नुसतं 'अभ्यास वाढवा' लिहिलं तर पोरगं वाढवणार काय?

पांढरं_सोनं: हे पटलं, पण घराकडेही बघा. आधी सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. मजूर मिळत नाही, पोरगं वावरात जातं. दहा दिवस बुडाले की वर्गात परत यायची लाज वाटते, अन् तिथेच कॉलेज सुटतं. सलग तीन गैरहजेऱ्या झाल्या की फोन करा. "का आला नाहीस?" नको. "सोमवारी ये, राहिलेलं प्रॅक्टिकल करून घेऊ," असं म्हणा. त्याच गावच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराजवळ वही पाठवा. शिक्षणाचे अभ्यासक टिंटो यांनी १९७५ मध्ये हेच मांडलं होतं: अभ्यासात आणि कॉलेजच्या माणसांत जो रुळतो, तो टिकतो.

वर्धाकाठ: पहिल्याच सेमिस्टरला विषय राहिले तर?

तासिका४: निकालाच्याच दिवशी समोर बसवून तुमच्या विद्यापीठाचा एटीकेटीचा (राहिलेले विषय घेऊन पुढे जायचा) नियम समजावा. किती विषय चालतात, फॉर्म कधी भरायचा. बरीच पोरं 'नापास' म्हणजे 'संपलं' समजतात. मग आधी कोणता विषय काढायचा ते त्यालाच ठरवू द्या आणि बेत असा लिहून घ्या: "साडेपाचची एसटी चुकली, तर स्टँडवरच दोन गणितं." 'रोज अभ्यास करीन' यात ना वेळ, ना जागा, ते चार दिवसांत विरतं.

पांढरं_सोनं: महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्ती नूतनीकरणाचा अर्ज आणि आधार जोडलेलं बँक खातंही तेव्हाच तपासा. शिष्यवृत्ती अडकली की एसटीच्या पासाचे पैसे संपतात, आणि घरी सांगितलं जातं, "त्याचं मनच लागत नाही."