शेतात अंगठी हरवलीय, मेटल डिटेक्टर कुठला घेऊ आणि चालवायला कसा शिकू?

वारज्याचा_जावई:
नमस्कार मंडळी. राहतो वारज्यात, सासुरवाडी सासवडच्या पुढे. जानेवारीत सासऱ्यांच्या शेतात हुरड्याला गेलो होतो, आगटीभोवती सगळे बसलेले, बायकोने हाताला राख लागते म्हणून अंगठी काढून ओढणीच्या टोकाला बांधली आणि ती गाठ कधी सुटली कुणालाच कळलं नाही. साखरपुड्याची अंगठी आहे, साडेचार ग्रॅमची. दोन रविवार माती चाळण्यात गेले. मग ऑनलाइन एक स्वस्तातला डिटेक्टर मागवला तर तो शेतात पाऊल ठेवल्यापासून नुसता कोकलतोय, दगडावर वाजतो, बांधावर वाजतो, एकदा माझ्या बुटावर वाजला. मेव्हणा म्हणतो दाजी यापेक्षा मी बरा ओरडतो. आता चांगला घ्यायचाय, २५ हजारांपर्यंत तयारी आहे, पुढेही छंद म्हणून वापरेन. कुठला घेऊ? आणि हे शिकायचं कुठे?

काळा_कातळ:
दाजी (आता सगळे दाजीच म्हणणार तुम्हाला), पहिलं काम म्हणजे सासऱ्यांना सांगा अंगठी मिळेपर्यंत त्या तुकड्यात रोटाव्हेटर घालू नका. आत्ता ती दोन-तीन इंचांवर असेल, एकदा माती उलटीपालटी झाली की कुठल्या कुठे जाईल.

आता मशीन का कोकलतंय ते. आपली सगळी जमीन बसाल्टची, त्यात मॅग्नेटाइट म्हणजे लोखंडाचं खनिज भरपूर. खोटं वाटत असेल तर एक चुंबक सुतळीला बांधून बांधावरच्या मातीतून ओढून बघा, काळी बारीक वाळू मिशीसारखी चिकटून येते. मशीनला ती सगळी लोखंडासारखीच दिसते. त्यात तुम्ही बरोबर आगटीच्या जागी शोधताय, आणि माती भाजली की तिचं चुंबकीयपण अजून वाढतं, त्यामुळे तिथे आरडाओरडा जास्तच होणार. म्हणजे मशीन अगदीच खोटारडं नाहीये, त्याला फक्त जमीन वजा करता येत नाहीये. ते वजा करणं म्हणजे ग्राउंड बॅलन्स. स्वस्त मशीनमध्ये ते कंपनीतूनच एका जागी ठरवून येतं, ती सेटिंग आपल्या कातळाला पुरत नाही.

म्हणून घेताना डबा किती छान आणि 'खोली १० फूट' वगैरे काय लिहिलंय ते वाचू नका, ग्राउंड बॅलन्स आपल्याला करता येतो का ते बघा. नोक्टाचं सिम्प्लेक्स आहे, बटण दाबून कॉइल (दांड्याच्या टोकाची गोल थाळी) जमिनीजवळ वरखाली केली की स्वतः जुळवून घेतं, शिवाय पाण्यात चालतं. मिनलॅबच्या व्हॅन्क्विशमध्ये हाताने ग्राउंड बॅलन्स नाही पण ते एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं त्यामुळे आपल्या मातीत बरंच शांत असतं. गॅरेटचं एस २५० शिकायला साधंसोपं, माझं पहिलं मशीन तेच, पण त्यात ग्राउंड बॅलन्स ठरलेला, आणि पावसात वरचा स्क्रीनचा डबा भिजला की संपलं, फक्त कॉइल पाण्यात चालते. कॉइल डीडी (आत इंग्रजी D आकाराची तारेची दोन वेटोळी) असेल तर असल्या जमिनीत बरं पडतं.

आणि बूट! बुटात स्टीलची टोपी असेल तर वाजणारच. १८८१ मध्ये ग्रॅहम बेलने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी असल्याच यंत्राने शोधायचा प्रयत्न केला होता, तेव्हा गादीतल्या स्प्रिंगांनी घोळ घातला. आपण चपलेत जातो, कडं न् घड्याळ काढून.

तापकीर_गल्लीचा_गिऱ्हाईक:
मी एक पीआय किट जोडून बघितलंय, पीआय म्हणजे पल्स इंडक्शन, कॉइलमध्ये विजेचे झटके सोडून धातूतून परत काय येतंय ते ऐकायचं. सामान बुधवार पेठेत मिळतं, कॉइल पीव्हीसी पाइपच्या रिंगवर स्वतः गुंडाळली, तीन संध्याकाळी गेल्या. आपल्या काळ्या दगडावर ते खरंच कमी ओरडतं. पण लोखंड की सोनं काहीच कळत नाही, खिळा पण तसाच आणि अंगठी पण तशीच, त्यामुळे खणत बसायची तयारी ठेवा. शेतात खिळे किती असतात हे मला तेव्हा कळलं. छंद म्हणून मस्त, अंगठीसाठी घेऊ नका.

वारज्याचा_जावई:
धन्यवाद लोक्स. मग सिम्प्लेक्सचा विचार करतो. पण सोनं असेल तर स्क्रीनवर 'सोनं' येतं का? जाहिरातीत तर तसंच दाखवतात.

काळा_कातळ:
नाही येत. स्क्रीनवर नुसता आकडा येतो आणि तो धातूसोबत आकार-जाडीवरही ठरतो. बायकांची हलकी सोन्याची अंगठी बहुतेक खालच्या-मधल्या आकड्यात येते आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्टीचं फॉइल पण तिथेच येतं. म्हणजे कचरा नको म्हणून फॉइलचे आकडे बंद केलेत, म्हणजे त्यांवर वाजू नको असं मशीनला सांगितलंत, तर अंगठी पण बंद. गंमत म्हणजे आपलं हल्लीचं रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं, चुंबकाला चिकटतं (घरी करून बघा), ते मशीनवर लोखंडासारखंच वागतं, लोखंड बंद केलं की रुपये गायब.

शिकायचं असं. तेवढ्याच वजनाची कुणाची तरी अंगठी मागून आणा, प्लास्टिकच्या छोट्या डबीत घाला, डबीला सुतळी बांधा आणि सुतळीचं टोक बाहेर ठेवून चार इंच पुरा. सुतळी विसरू नका, मी एकदा विसरलो आणि शोधायला गेलो ती वहिनीची नथ होती. त्या जागेवर अर्धा तास कॉइल फिरवा, आवाज कानात बसू द्या, आकडा कुठे नाचतो ते लिहून ठेवा. कॉइल जमिनीपासून इंचभर, सपाट, झाडूसारखी. दोन्ही टोकांना वर उचलू नका, सगळे नवीन लोक तेच करतात. सेन्सिटिव्हिटी फुल ठेवायची खाज येते, ठेवू नका, आपल्या मातीत अर्ध्याच्या आसपास ठेवलं की जास्त सापडतं. सिग्नल आला की ९० अंशात वळून परत फिरवा, दोन्हीकडून आवाज एकसारखा गोल असेल तर खणा, एकीकडूनच असेल तर बऱ्याचदा खिळा.

आणि सुतळीने पाच बाय पाच फुटांचे चौकोन आखून घ्या. नुसतं भटकलात तर एकाच जागेवरून दहा वेळा जाल आणि शेजारची जागा राहून जाईल.

पेठेतले_काका:
चांगलं चाललंय पण मधे बोलतो. अंगठी तुमची, शेत सासऱ्यांचं, त्याला कुणी काही म्हणणार नाही. पण 'पुढेही छंद म्हणून' हे वाचलं म्हणून सांगतो. भारतात १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडवलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, नाही कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तूत मोडते, तिचा १९७२ चा कायदा वेगळा. हंडा सोडा, शिवराईंची पिशवी सापडली तरी घरी आणून पितांबरीने घासायची नाही. शनिवारवाडा, कार्ला, भाजे असल्या संरक्षित जागी आणि गडकिल्ल्यांवर मशीन घेऊन फिरायचं तर नावच काढू नका. वस्तू कुठल्या थरात होती हेच अभ्यासकाला हवं असतं, तुम्ही ती उचलली की ते गेलं.

दुसरं, जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन कुणी दोन अँटेनावालं 'लांबून सोनं दाखवणारं' लोकेटर विकत असेल तर लांबूनच नमस्कार करा. ब्रिटनमध्ये एकाने गोल्फचे बॉल शोधायच्या खेळण्यावरून बॉम्ब शोधायचं यंत्र म्हणून तसलंच काहीतरी इराकला विकलं, २०१३ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. आत काहीच नव्हतं.

वारज्याचा_जावई:
अपडेट. मशीन अजून घेतलं नाही, काळा_कातळ दादा स्वतःचं घेऊन रविवारी आले, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. १२ पैकी ७ चौकोन झाले. सापडलं ते असं: खिळे १४, बैलाच्या पत्र्या दोन, खुरप्याचं अर्धं पातं, जुनं जाडं पाच रुपयांचं नाणं, आणि चांदीचं एक जोडवं. जोडवं बघून सासूबाई खालीच बसल्या, ते त्यांचं निघालं, मेव्हणा पोटात असताना खुरपताना हरवलं होतं म्हणे. मेव्हणा २९ वर्षांचा आहे. अंगठी मात्र नाही. सासूबाई आता म्हणतात दुसरं पायातलं पण हरवलं होतं, ते विहिरीकडे, तिकडे पण बघा.

तापकीर_गल्लीचा_गिऱ्हाईक:
दाजी एक विचारू का, हुरडा झाल्यावर आगटीतली राख कुठे टाकली?

वारज्याचा_जावई:
थांबा, फोन लावतो.

वारज्याचा_जावई:
उकिरड्यावर. मेव्हण्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी भरून नेली. आणि त्या उकिरड्यात घरातली सगळी ब्लेडं, तारा न् सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्यांच्या पट्ट्या. काळा_कातळ दादा, पुढचा रविवार मोकळा आहे का? येताना छोटी कॉइल असेल तर घेऊन या, आणि नाकाला बांधायला रुमाल.